काउंटी मंडळाच्या मंगळवारच्या बैठकीत नेमके काय पाहावे?

मक्याच्या_रानातून

नमस्कार. आम्ही उभयता गेली सहा वर्षे अमेरिकेतील आयोवा राज्याच्या एका ग्रामीण काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात) राहतो. पत्नी येथील रुग्णालयात नोकरी करते, मी घरूनच काम करतो. आमचे घर गावाबाहेर, खडीच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन अशा ठिकाणी आहे. काउंटीच्या कारभाराशी आजवर माझा संबंध मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्यापुरताच आला होता.

या वर्षी कापणीच्या हंगामात धान्याच्या ट्रकांनी आमचा रस्ता पन्हळी पत्र्यासारखा करून टाकला. त्याच सुमारास स्थानिक साप्ताहिकातील जाहीर सूचनेतून कळले की घरापासून मैलभर अंतरावर वराहपालनाचे मोठे बंदिस्त शेड उभारण्याचा अर्ज आला आहे. दोन्ही विषय काउंटीच्या सुपरवायझर मंडळापुढे येतात, म्हणून गेल्या मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता मी प्रथमच तेथे जाऊन बसलो.

एका लांब मेजामागे तीन निवडून आलेले सदस्य, कडेला टिपणे घेणाऱ्या ऑडिटरबाई, समोर काउंटीचे अभियंते, आणि प्रेक्षकांत मी व साप्ताहिकाची वार्ताहर. मागील इतिवृत्त मंजूर झाले, देयकांची यादी मंजूर झाली, एका दूरध्वनी कंपनीला रस्त्याच्या हद्दीत केबल पुरण्याची परवानगी मिळाली, एका जुन्या पुलावर हंगामापूर्वीच घातलेली वजनाची मर्यादा पुढे चालू ठेवण्याचा ठराव झाला, एका टाउनशिपच्या (काउंटीच्या आतील छोट्या विभागाच्या) लिपिकाची रिकामी जागा भरली गेली. चाळीस मिनिटांत सर्व आटोपले. त्यानंतर अध्यक्षांनी बैठक संपल्याचे जाहीर केले आणि जागेवरून न उठता तेच तिघे 'निचरा जिल्ह्याचे विश्वस्त' म्हणून दुसरी बैठक घेऊ लागले, तेव्हा मात्र मी चक्रावलो.

येथे जाऊन बसण्यात काही अर्थ आहे का? मी या देशाचा नागरिक नाही, तरीही मला बोलता येईल का? आणि अशा रुक्ष कामकाजात पाहण्यासारखे असते ते नेमके काय? अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

इतिवृत्त_कायम

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागातून निवृत्त झालो. एकतीस वर्षांतील बराच काळ सभेची विषयपत्रिका काढणे, सदस्यांना नोटिसा पोहोचवणे आणि इतिवृत्त लिहिणे यातच गेला, त्यामुळे आपला प्रश्न वाचून आनंद झाला.

आपल्याला ज्या बाबी रुक्ष वाटल्या, त्याच खऱ्या आहेत. भाषणे वर्तमानपत्रात येतात आणि विसरली जातात. ठराव मात्र नस्तीला लागतो आणि त्याच्यावरून पैसे निघतात. आमच्याकडे पहिला विषय नेहमी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो. तो पुकारला जातो तेव्हा निम्मे सदस्य चहा घेत असतात, 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो आणि विषय संपतो. मागच्या सभेत घसा कोरडा होईपर्यंत भांडलेल्या सदस्याने जे म्हटले, त्याच्या उलट नोंद झालेली असली तरी ती त्या क्षणी कायम होते. नंतर ओरडून उपयोग नसतो.

दुसरी पाहण्याची जागा म्हणजे विषयपत्रिकेचा शेवट. 'माननीय अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' या एका ओळीखाली शाळाखोल्या बाद ठरवण्यापासून (निर्लेखनापासून) कामांच्या मंजुरीपर्यंत काय काय सरकवले जाते, हे मी माझ्या हाताने लिहिले आहे. आपल्या मंडळात ऐनवेळचे विषय घेतात का, ते कृपया कळवावे.

देस_मॉइनचा_पाहुणा

काका, आयोवात ती पळवाट बरीच अरुंद आहे. खुल्या बैठकांचा कायदा, म्हणजे राज्याच्या संहितेचे एकविसावे प्रकरण, असे सांगतो की बैठकीची सूचना विषयपत्रिकेसह किमान २४ तास आधी लावली पाहिजे. एखादा तातडीचा प्रसंग सोडला, तर सूचनेत नसलेल्या विषयावर निर्णय घेणे मंडळाला अडचणीचे ठरते.

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. बैठकीला उपस्थित राहण्याचा आणि ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. बोलण्याचा हक्क मात्र त्या प्रकरणात नाही, ही गोष्ट पुष्कळ लोकांना ठाऊक नसते. बहुतेक मंडळे जनतेसाठी काही मिनिटे राखून ठेवतात, ती त्यांच्या मर्जीने. अंदाजपत्रकासारख्या विषयावर जाहीर सुनावणी असते तेव्हा गोष्ट वेगळी, कारण तेथे लोकांचे म्हणणे ऐकणे हाच बैठकीचा हेतू असतो.

ऑडिटर या शब्दाने फसू नये. आयोवातील काउंटी ऑडिटर लेखापरीक्षण करत नाही. ती मंडळाची सचिव असते, निवडणुका घेते, आणि स्वतःही लोकांतून निवडून आलेली असते.

शंकासुर

सर्व ठीक आहे, पण बैठकीपूर्वीच कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात कॉफी पिताना सगळे ठरलेले असणार, हे सांगायला संहिता लागत नाही. जगात कोठेही जा, सभागृहात फक्त हात वर होतात.

देस_मॉइनचा_पाहुणा

शंकासुर, आपला संशय स्वाभाविक असला तरी तीन सदस्यांच्या मंडळाचे गणित पाहा. तिघांतील दोघे म्हणजे बहुमत. बहुमताने एकत्र येऊन काउंटीच्या कामावर विचारविनिमय केला की कायद्याच्या दृष्टीने ती बैठक ठरते, मग ती उपाहारगृहात असो वा दूरध्वनीवर. म्हणून तीन सदस्यांच्या काउंटीत दोन सुपरवायझर लग्नात भेटले तर पावसावर आणि मक्याच्या भावावर बोलू शकतात, पुलावर नाही. हा नियम कोणी मोडतच नाही असे मी म्हणणार नाही. पण तेथे चर्चा सभागृहात आणि तीही अवघडल्यासारखी का होते, याचे एक कारण हेच आहे. ज्या काउंटीत पाच सदस्य आहेत, तेथे दोघांना निदान मोकळेपणे बोलता येते.

बांधावरचा

हा नियम आमच्या पंचायत समितीला लावला, तर तालुक्यातील सर्व चहाच्या टपऱ्या बेकायदा सभागृहे ठरतील.

पूर्वाश्रमीची_सदस्या

मी एका दुष्काळी तालुक्यात पंचायत समितीची सदस्या होते, म्हणून शंकासुर यांच्याशी निम्मी सहमत आहे. बाहेर ठरते हे खरे. पण त्याचा फटका कोणाला बसतो, तेही पाहावे. २०११ मध्ये महाराष्ट्रात महिलांचे आरक्षण पन्नास टक्के झाले आणि सभागृहात आम्ही निम्म्या झालो. टपरीवर, गाडीत, रात्रीच्या जेवणावळीत मात्र आम्ही नव्हतो. निर्णय जितका सभागृहाबाहेर जातो तितका तो आमच्या हातून जातो. पहिले वर्षभर मी फक्त विषयपत्रिका घेऊन बसत असे आणि प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारत असे, की मागील सभेत हाच विषय आला होता त्याचे अनुपालन काय झाले. सुरुवातीला हसले. पुढे पुढे अधिकारी माझ्या प्रश्नाची तयारी करून येऊ लागले. त्यामुळे आयोवाच्या बंधूंना माझे सांगणे एवढेच, की आपण एकदा गेलात याला किंमत नाही, लागोपाठ चार मंगळवार गेलात तर आहे.

मिनेसोटेकर

शेजारच्या राज्यातून थोडी भर. आमच्याकडे ८७ काउंट्या आहेत, सदस्यांना कमिशनर म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी ते पाच असतात. त्याखाली टाउनशिप. दर वर्षी मार्चमधील दुसऱ्या मंगळवारी टाउनशिपची वार्षिक सभा भरते. तेथे उपस्थित मतदार स्वतः हात वर करून पुढील कराची रक्कम ठरवतात. प्रतिनिधी नाही, ठराव थेट लोकांचा. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या गावची ग्रामसभा आठवली. फरक इतकाच, की येथे लोक कर किती लावून घ्यायचा यावर भांडत होते आणि आमच्याकडे घरकुलाच्या यादीत नाव का नाही यावर भांडतात.

आयोवात टाउनशिपकडे रस्ते राहिलेले नाहीत, ते काउंटीकडे आहेत. त्यामुळे धागाकर्त्यांनी मंगळवारी गाठले ते ठिकाण योग्यच आहे.

बांधावरचा

मग आयोवाच्या टाउनशिपकडे उरते तरी काय?

देस_मॉइनचा_पाहुणा

अग्निशमनाची व्यवस्था, दफनभूमींची निगा, आणि आपल्या नावाला साजेसे एक काम: कुंपणाचा निवाडा. दोन शेजाऱ्यांत सामाईक कुंपण कोणी बांधायचे यावरून तंटा झाला, तर टाउनशिपचे विश्वस्त कुंपण-पंच म्हणून शेतावर जातात आणि लेखी आदेश देतात. जुना रिवाज असा, की दोघांनी सामाईक रेषेच्या मध्यावर समोरासमोर उभे राहायचे आणि ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येईल तो त्याने राखायचा.

बांधावरचा

आमच्या चुलत्यांना समोरासमोर उभे केले, तर उजव्या हाताचा उपयोग वेगळाच होईल. असो. विषयांतराबद्दल क्षमस्व.

इतिवृत्त_कायम

आता त्या 'निचरा जिल्ह्या'चे कोडे कोणी उलगडेल का? एकाच खुर्चीत बसून दोन सभा, ही कल्पना मला फार आवडली.

निचऱ्याचा_अभियंता

मी जलनिचरा या विषयात काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आयोवाचा उत्तर-मध्य भाग मुळात पाणथळ. आज तेथे मका दिसतो तो जमिनीखाली पुरलेल्या सच्छिद्र नळ्यांमुळे, ज्यांना तेथे टाइल म्हणतात, कारण पूर्वी त्या भाजलेल्या मातीच्या असत. एका शेतकऱ्याची नळी दुसऱ्याच्या शेतातून जाणार, पुढे सामाईक चरात पडणार, म्हणून अनेक शेते मिळून एक निचरा जिल्हा बनतो. त्याचा खर्च काउंटीच्या सर्वसाधारण करातून होत नाही. ज्या जमिनीला जितका लाभ, तितकी तिच्यावर आकारणी. विश्वस्त म्हणून बहुतेक ठिकाणी सुपरवायझरच काम पाहतात. पैशाचा डबा वेगळा, म्हणून बैठकही वेगळी.

हे काम किती निरुपद्रवी वाटते! पण २०१५ मध्ये देस मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने सॅक, ब्यूना व्हिस्टा आणि कॅल्हून या तीन काउंट्यांच्या सुपरवायझरांवर, निचरा जिल्ह्यांचे विश्वस्त म्हणून, संघीय न्यायालयात दावा लावला. नळ्यांतून वाहणारे नायट्रेट रॅकून नदीत येते आणि ते काढण्याचा खर्च शहराच्या ग्राहकांवर पडतो, असे तिचे म्हणणे होते. २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला. निचरा जिल्ह्यांचे अधिकार निचरा करण्यापुरतेच मर्यादित आहेत, पाणी शुद्ध राखण्याचा अधिकारच त्यांच्याकडे नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. ज्या बैठकीला कोणी जात नाही, तिच्याच विश्वस्तांवर राज्यातील सर्वांत गाजलेला पाण्याचा खटला चालला.

वराहपालनाचा मुद्दाही याला लागूनच आहे. आयोवात १,००० पशू-एकके किंवा त्याहून मोठ्या बंदिस्त प्रकल्पाला राज्याचा बांधकाम परवाना लागतो. विक्रीसाठी वाढवलेले एक डुकर ०.४ एकक धरतात, म्हणजे मर्यादा २,५०० डुकरांची झाली. राज्यात २,४९९ डुकरांसाठी बांधलेली शेडे इतकी का दिसतात, हे आपल्या लक्षात येईल.

इतिवृत्त_कायम

ई-निविदेच्या मर्यादेखाली राहावे म्हणून एकाच रस्त्याच्या कामाचे तुकडे पाडतात, त्याचीच ही चुलत भावंडे. पुढे लिहावे.

निचऱ्याचा_अभियंता

मर्यादेवरच्या अर्जाला 'मास्टर मॅट्रिक्स' ही गुण देण्याची पद्धत लागू होते, पण त्या काउंटीने दर वर्षी जानेवारीत तसा ठराव केला असेल तरच. हा ठराव म्हणजे मंगळवारच्या यादीतील एक नीरस ओळ. ती राहून गेली, तर त्या वर्षापुरता काउंटीचा आवाज संपला. मॅट्रिक्समध्ये ४४ प्रश्न आणि ८८० गुण आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी ४४० गुण हवेत आणि हवा, पाणी व समाज या तीन शीर्षकांखाली वेगवेगळे किमान गुणही हवेत. घरापासून अधिक अंतर ठेवले, मलमूत्राच्या साठ्यावर आच्छादन घातले, झाडे लावली, ट्रक वळवण्यास आवारात जागा ठेवली, तर गुण मिळतात. सुपरवायझर गुण तपासून शिफारस करतात, अंतिम निर्णय राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाचा. शिफारस डावलली गेली तर मंडळाला राज्य आयोगापुढे जाता येते.

मंडळाला स्वतःच्या बळावर प्रकल्प रोखता येत नाही. हम्बोल्ट काउंटीने असे स्वतःचे नियम केले होते, ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रद्द केले आणि त्याच वर्षी विधिमंडळाने तो दरवाजा कायद्यानेही बंद केला. म्हणून धागाकर्त्यांनी बैठकीत 'आम्हाला दुर्गंधी नको' असे म्हणण्यात वेळ घालवू नये. अर्जाची प्रत ऑडिटरकडून मागून घ्यावी आणि ज्या प्रश्नावर गुण मागितले आहेत त्याचा पुरावा जोडला आहे का, हे पाहावे.

शंकासुर

थोडक्यात, ५० टक्के मिळवून उत्तीर्ण होण्याची परीक्षा, पेपर तपासणाऱ्याला नापास करण्याचा अधिकार नाही, आणि प्रेक्षकाने जाऊन गुणांची बेरीज तपासायची. यापेक्षा आमचे सभात्याग करणारे सदस्य बरे, निदान छायाचित्र तरी छापून येते.

पूर्वाश्रमीची_सदस्या

शंकासुरभाऊ, सभात्याग मीही केला आहे. बाहेर येऊन घोषणा देईपर्यंत आत उरलेले सहा विषय मंजूर झाले होते.

मिनेसोटेकर

एक मूलभूत फरक मला येथे नोंदवावासा वाटतो. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी शासनाने पाठवलेला असतो, सदस्य धोरण ठरवतात आणि अंमलबजावणीची सूत्रे त्याच्या हाती असतात. आयोवाच्या काउंटीत तसा कोणी नसतो. शेरीफ (पोलीस प्रमुख), ट्रेझरर (खजिनदार), रेकॉर्डर (दस्तऐवजांची नोंद ठेवणारा), सरकारी वकील, ऑडिटर हे सगळे स्वतंत्रपणे निवडून येतात. मंडळ शेरीफला हुकूम देऊ शकत नाही, शेरीफच्या अंदाजपत्रकावर मात्र मंडळाचा हात असतो. त्यामुळे कोणाची बदली करून प्रश्न मिटवणे हा प्रकारच नाही. पाच-सहा निवडून आलेली माणसे एकमेकांना समजावत बसतात. ते संथ असते आणि कधी कधी मजेशीरही.

इतिवृत्त_कायम

योग्य निरीक्षण. आमच्याकडे याची दुसरी बाजू दिसली. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका न झाल्याने प्रशासक बसले. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे आले. माझे जुने सहकारी सांगत, की काम जलद होते. होणारच, सूचक, अनुमोदक आणि मंजुरी देणारा एकच! पण ज्या गावची मोरी वाहून गेली, त्या गावच्या माणसाने कोणत्या सभेत आणि कोणामार्फत उभे राहायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

धागाकर्त्यांना एक व्यवहाराची सूचना. चर्चा नको, ठराव मागा. कोणी आश्वासन दिले, तर 'हे कार्यवृत्तात घ्यावे' असे नम्रपणे म्हणा.

मक्याच्या_रानातून

सर्वांचा मनापासून आभारी आहे. त्यानंतर तीन मंगळवार गेलो, आता अहवाल देतो.

आधी रस्ता. अभियंत्यांनी मला बैठकीनंतर शांतपणे समजावले, की कोरड्या खडीवर ग्रेडर (रस्ता सपाट करणारे यंत्र) फिरवला तर वळ्या आठवड्यात परत येतात, ओल हवी. पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रेडर आला. मी त्याचे श्रेय घेणार नाही, तो कदाचित तसाही आला असता. राज्यात सुमारे ९०,००० मैल काउंटी रस्ते आहेत आणि त्यांतील मोठा भाग आमच्यासारखाच खडीचा आहे, हे ऐकल्यावर माझी तक्रार मलाच थोडी लहान वाटली. पुलावरील वजनमर्यादेच्या ठरावाचा अर्थही त्याच दिवशी उमगला. त्या मर्यादेमुळेच धान्याचे ट्रक वळसा घालून आमच्या रस्त्यावर आले होते! म्हणजे माझ्या तक्रारीचे मूळ मी पहिल्याच मंगळवारी ऐकले होते आणि मला ते कळले नव्हते.

आता शेड. अभियंता महाशयांच्या सल्ल्यानुसार अर्ज मागून घेतला आणि दोन रात्री वाचला. एका प्रश्नावर मागितलेल्या गुणांना जोडपत्र नव्हते. जनतेसाठी राखलेल्या तीन मिनिटांत मी तेवढेच सांगितले. मंडळाने ते गुण वजा केले. तरीही बेरीज ४४० च्या वरच राहिली आणि परवान्याची शिफारस झाली. शंकासुर यांना हसण्याची मुभा आहे.

मात्र ट्रक कोणत्या मार्गाने येणार, असे एका सुपरवायझरने विचारले, तेव्हा अर्जदार शेतकऱ्याने ते डांबरी रस्त्यानेच आणण्याचे मान्य केले. इतिवृत्त_कायम काकांचे शब्द आठवून मी हे नोंदवण्याची विनंती केली. ऑडिटरबाई म्हणाल्या, की इतिवृत्तात चर्चा येत नाही, फक्त निर्णय आणि कोणी कसे मत दिले ते येते. क्षणभर शांतता पसरली. मग त्या सदस्याने, शेतकऱ्याची संमती नोंदवून घ्यावी असा ठराव मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिले आणि तो ३-० मतांनी संमत झाला. त्याला कायद्याचे बळ नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो शेतकरीही साप्ताहिक वाचतो आणि शेजारीही वाचतात.

शंकासुर

हसलो नाही. पूल मात्र दुरुस्त होईपर्यंत आपला रस्ता पन्हळीच राहणार, याची नोंद घ्यावी.

देस_मॉइनचा_पाहुणा

आणि त्यासाठी रांग मोठी आहे. आयोवातील सुमारे २४,००० पुलांपैकी ४,००० हून अधिक 'खराब' वर्गात मोडतात, आणि त्यांतील बहुसंख्य काउंट्यांचे आहेत. वसंत ऋतूतील अंदाजपत्रकाच्या सुनावणीला जावे. पंचवार्षिक कार्यक्रमात आपल्या पुलाचे वर्ष कोणते, हे तेव्हा विचारावे.

इतिवृत्त_कायम

अभिनंदन. छापील इतिवृत्त आले का? शब्दशः वाचलेत का?

मक्याच्या_रानातून

काका, आजच्या अंकात आले. ठराव आहे, मते आहेत, शेतकऱ्याची संमतीही आहे. पण रस्त्याचा क्रमांक २४० ऐवजी २३० छापला आहे, आणि २३० क्रमांकाचा रस्ता खडीचा आहे.

इतिवृत्त_कायम

मग ते अद्याप कायम झालेले नाही. मंगळवारी पहिलाच विषय तो असेल, साडेआठच्या आधी पोहोचावे.

मक्याच्या_रानातून

मंगळवारी बर्फ सांगितला आहे. सोमवारी रात्रीच फावडे गाडीत टाकून ठेवतो.